सुपातली ग्रीक अक्षरं

लवकर पिकणारा हलका धान कापून झाला आणि उशिराचा भारी धान अजून बांधीत उभा असला, की आमच्या कारध्याच्या शिवारात एक वास सुटतो. कापलेल्या धांड्यांचा, दवानं भिजलेल्या तनशीच्या पेंढ्याचा आणि वैनगंगेवरून येणाऱ्या गारव्याचा. हा वास आला की मी माळ्यावरून एक जुनं सूप उतरवते. त्यात पाखडायचं काही नसतं. सून म्हणते, "आई, फेका ना ते आता, कड निघून राहिली त्याची." मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. सूप पुसते, त्यात ओंजळभर बारीक कोंडा पसरते, तळहातानं सपाट करते आणि बोटानं एक अक्षर काढते. आडव्या माशासारखं दिसणारं. त्या अक्षराचं नाव अल्फा.

मला ग्रीक येतं असं मी कुणालाही सांगत नाही, कारण ते खरं नाही. मला एक पान येतं. बाकी सगळं अडखळत, बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखं. आयुष्यभर मी पहिलीतल्या पोरांनाच शिकवलं, तेव्हा ते अडखळणं काय असतं हे मला चांगलं ठाऊक आहे. पण शिकवणारीला पुन्हा पहिलीत बसावं लागलं, तो एकच हिवाळा होता. अठ्ठ्याहत्तर सालचा.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. गावच्याच प्राथमिक शाळेत लागून तीन वर्षं झाली होती. दिवाळीच्या आधी, एका सुट्टीच्या दिवशी, मी पूल ओलांडून भंडाऱ्याला याकोब मास्तरांना भेटायला गेले. आठवी ते दहावी त्यांनी मला इंग्रजी शिकवलं होतं. ते मूळचे लाखनीकडच्या एका शेतकरी घरातले. त्यांच्या आजोबांनी ख्रिस्ती धर्म घेतला होता. तरुणपणी मास्तर दूरच्या एका धर्मविद्यालयात पाद्री व्हायला गेले, वडील आजारी पडले म्हणून दोन वर्षांत परत आले आणि शाळेत लागले. बायको राहेलबाई गेल्यानंतर त्यांची विधवा बहीण, मार्था आत्या, त्यांच्याकडे राहायला आली होती.

मास्तर ओसरीवर खुर्चीत बसले होते. मी समोर उभी राहिले तरी त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे. मी "मास्तर" म्हटल्यावर चेहरा उजळला. "सुमन ना तू? रोज उशिरा येणारी, अन दोष नदीवर ढकलणारी." काचबिंदू होता. उजवा डोळा आधीच गेलेला, डाव्यात धुक्यासारखं काही उरलेलं. डॉक्टरांनी हात टेकले होते.

निघताना ते म्हणाले, "संध्याकाळी येळ असते का तुले? मले थोडं वाचून दाखवजो."

मी हो म्हटलं. वर्तमानपत्र असेल, नाहीतर मराठी शुभवर्तमान असेल, असं मनात होतं. त्यांनी आत्याकडून कापडात गुंडाळलेलं एक पुस्तक मागवलं. काळ्या बांधणीचं, तळहाताहून जरा मोठं, पानं कांद्याच्या पापुद्र्यासारखी. मी उघडलं.

"मास्तर, हे इंग्रजी नाही."

"नाई. ग्रीक हाय."

"मले नाही येत."

"माहीत हाय. आठवीत तुले इंग्रजीबी नव्हती येत."

मग त्यांनी सांगितलं. राहेलबाई गेल्या त्या हिवाळ्यात धर्मविद्यालयातलं हे पुस्तक त्यांनी पेटीतून काढलं. येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं चार, त्यातलं सगळ्यात लहान त्यांनी धान घरात येईपर्यंत रोज थोडं थोडं करून वाचलं. मूळ भाषेतून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्यानंतर दरवर्षी वाचलं. बावीस वर्षं खंड पडला नव्हता. मराठीतून का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मराठीतलं पाठ हाय मले. डोळे धावत सुटतात, अन मन घरी राह्यते. ग्रीकात धावता येत नाई. एका एका शब्दापाशी बसा लागते. राहेल गेली तवा मले असंच काही पाहिजे होतं." मग म्हणाले, "यंदा वाचलं नाही तर मले कसं होईन, समजत नाई."

म्हाताऱ्या माणसाचा आवाज एवढा उघडा मी पहिल्यांदाच ऐकला. मला नाही म्हणता आलं नाही.

अर्थ समजायची गरज नाही, फक्त अक्षरं आली पाहिजेत, असं आमचं ठरलं. पण ज्याला दिसत नाही त्यानं अक्षर शिकवायचं कसं? पहिल्या दिवशी त्यांनी पाटीवर खडूनं काढून दाखवलं, तर एकावर दुसरं चढलेलं. मी काढलेलं बरोबर की चूक, ते त्यांना कळायला मार्ग नव्हता. मार्था आत्या बाजूला बसून तांदूळ पाखडत होत्या. मास्तर आवाजाकडे वळले. "मार्था, सूप दे इकडे. कोंडा राहू दे त्यात."

"खायच्या सुपात बोटं कायले फिरवता?" आत्या कुरकुरल्या, पण सूप दिलं.

त्या दिवसापासून आमची पाटी तीच. मास्तर कोंड्यात बोटानं अक्षर काढायचे, मी पुस्तकात शोधायची. मग कोंडा सपाट करून मी काढायची, आणि ते बोटाचं टोक अगदी हलकं त्या रेघेतून फिरवून तपासायचे. रेघ मोडू नये म्हणून ते श्वाससुद्धा रोखून धरत. "शेपूट वर गेली," म्हणायचे. "पुन्हा." थीटा नावाचं अक्षर मला लवकर आलं, कारण ते मधून रेघ गेलेल्या धानाच्या दाण्यासारखं होतं. क्सी मात्र काही केल्या जमेना. इंग्रजीतल्या पीसारखं दिसणारं अक्षर मी इतक्या वेळा 'प' म्हणून वाचलं की मास्तरांनी कपाळाला हात लावला. तो 'र' होता.

"हे इंग्रजी मीच घातली तुया डोकशात," ते म्हणाले. "आता मीच निस्तरतो."

दिवाळी झाली, शेतात कापलेल्या धानाचे पुंजणे रचले गेले, आणि आम्ही पहिल्या पानाला हात घातला. ते एक पान आठ दिवस चाललं. रोज पहिल्या शब्दापासून सुरुवात. पहिला शब्द आर्खे. म्हणजे आरंभ. त्या पानावर एक नदी आहे, नदीत लोकांना बुडवून काढणारा उंटाच्या केसांचे कपडे घातलेला माणूस आहे, आणि पान उलटलं की वर चार ओळींत तलावाकाठचे मासेमार आहेत, जे जाळी तिथेच टाकून एका अनोळखी माणसाच्या मागे निघून जातात. रोज घरी येताना पुलावरून मला खाली आमचे ढीवर डोंग्यात उभे राहून जाळी फेकताना दिसायचे. आठव्या दिवशी ते पान मी न अडखळता वाचलं. मास्तरांनी सूप बाजूला सरकवलं. आत्यांना म्हणाले, "आज चहात गूळ जास्त टाक."

आत्यांना वेगळीच शंका होती. त्या पुस्तकात जवळजवळ प्रत्येक वाक्य 'आणि'नं सुरू होतं, आणि ग्रीकात 'आणि'ला शब्द आहे 'काय'. चौथ्या दिवशी न राहवून त्या बोलल्या, "अवं पोरी, तू मास्तरले दर घडी काय, काय कायले विचारते? एक डाव सांगितलेलं समजत नाई का तुले?" मास्तर हसता हसता खोकायला लागले. तो खोकला तेव्हापासूनचा होता. आम्ही कुणीच त्याकडे लक्ष दिलं नाही, ही माझ्या मनाला लागून राहिलेली गोष्ट आहे.

गावात कुजबुज सुरू झाली होती. रोज संध्याकाळी मास्तरीण सायकल काढते, पूल ओलांडते आणि तिकडे जाऊन बसते. एकदा जेवताना दादानं विषय काढला. "लोक का म्हणून राहिले, माहीत हाय का तुले? बाटवून राहिले म्हणतात. उद्या तुले पाहाले पाहुणे येणं बंद होईन."

बाबा भिंतीला टेकून दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "कायचं पुस्तक हाय थे?"

"त्यांची पोथी हाय, बाबा. मास्तरले दिसत नाही आता."

"कोणी म्हणते का तुले, आमच्यात ये म्हणून?"

"नाही."

बाबांनी दोराला दोन पीळ दिले. "पोथी हाय ना? मंग वाच. आंधळ्या माणसाले पोथी वाचून दाखवणं काही पाप नाई. पण एक ध्यानात ठेव. दुखाच्या जागी बांधून उठू नोको."

हा आमच्या घरचा नेम. श्रावणात बाबा पोथी वाचत, सगळी आळी ऐकायला बसे. पण पोथी कुठे थांबवायची ते घड्याळावर ठरत नसे. राजा वनात गेला आहे, कुणी बाणानं पडलं आहे, कुणाची ताटातूट झाली आहे, अशा जागी पोथी कधीच बांधायची नाही. ऐकणारी माणसं तेच दुःख घेऊन घरी जातात आणि पोथीतली माणसंही दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच पडून राहतात, असं बाबा म्हणायचे. म्हणून कितीही उशीर झाला, घसा बसला, तरी ते पुढे वाचत जायचे. राजा परत येईपर्यंत, निजलेला उठून बसेपर्यंत. मग पोथीला नमस्कार करून फडकं बांधायचे.

आता माझ्याही डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. पुढच्या महिन्यात काढू म्हणतात, आता ते काही मोठं राहिलं नाही. तरी परवा मी डोळे मिटून सुपातलं अक्षर बोटानं तपासून बघितलं. कोंडा बोटाला गार लागला आणि मला मास्तरांचा रोखलेला श्वास आठवला. माझ्या बोटाखाली रेघ मोडली. त्यांच्या बोटाखाली ती कधी मोडली नव्हती. पुन्हा काढली, पुन्हा मोडली. मला उगीचच राग आला, आणि मग रडू आलं.

त्या वर्षी डिसेंबरात मी बऱ्यापैकी वाचू लागले. दिवसाला पान, कधी दीड पान. एक तुकडा वाचला की मास्तर त्याचा अर्थ सांगत. एकदा त्यात एक माणूस निघाला, जो बी पेरतो आणि झोपतो, उठतो, पुन्हा झोपतो, आणि पीक आपोआप येतं. मला हसू आलं. "मास्तर, ह्या माणसानं कधी रोवणी केली नाही. झोपते म्हणे! चिखलात कंबर मोडते आमची."

"तिकडे गहू होता पोरी," मास्तरही हसले. "अन झोपणाऱ्याच्या घरच्या बाया काय करत होत्या, थे लिहिलं नाई त्यानं."

मास्तरांचा खोकला वाढत होता. खुर्चीतून ते खाटेवर आले, पण वाचन थांबवायचं नाव काढत नव्हते. मला शेवटाची घाई झाली होती. खरं सांगते, ग्रीकसाठी नाही. त्यांना हे पुस्तक संपलेलं ऐकायला मिळावं, एवढंच मला हवं होतं. नाताळ झाला, आणि वर्ष संपायच्या चार-पाच दिवस आधी आम्ही त्या पानावर आलो, जिथे येशूला क्रुसावर खिळतात. भर दुपारी अंधार पडतो. तो मोठ्यानं हाक मारतो आणि त्याचा जीव जातो.

मास्तरांना धाप लागली होती. आत्या दारातून मला खुणेनं पुरे म्हणत होत्या. मास्तरच म्हणाले, "आज इथंच थांबू."

"इथं नाही थांबता येत, मास्तर." मी त्यांना बाबांचा नेम सांगितला.

त्यांनी तो नीट ऐकून घेतला. "चांगला नेम हाय. पण चांगली जागा इथून दीड पान लांब हाय, अन ही वाट अवघड हाय. तुया चालीनं रात होईन. उद्या वाचू."

मी पुस्तक फडक्यात बांधलं. रात्री बाबांनी विचारलं, "कुठवर आलं?" मी म्हटलं, "चांगल्या जागी आलं." बाबांशी मी खोटं बोलले ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी निरोप आला की मास्तरांना पहाटेच दवाखान्यात नेलं आहे. मी सायकल आधी त्यांच्या घरी घातली, पेटीवरचं पुस्तक घेतलं आणि दवाखाना गाठला. भेटायची वेळ संपायला थोडाच अवकाश होता. मास्तर उशांना टेकवून बसवलेले, छाती भात्यासारखी चाललेली. आत्या पायथ्याशी. मी आले हे त्यांना सायकलच्या किल्लीच्या आवाजावरून कळलं.

"आणलं?"

"हव."

मी काल थांबलो ती जागा काढली. पहिल्याच ओळीत एक लांबलचक शब्द होता. अक्षरं जुळेनात. मी पुन्हा सुरू केलं, पुन्हा तुटलं. दोन ओळींना किती वेळ गेला कोण जाणे. त्यांचा श्वास माझ्या प्रत्येक अडखळण्यापाशी थांबून राहत होता, अक्षर तपासताना थांबायचा तसाच. दारातून परिचारिका म्हणाली, पाच मिनिटं. दीड पान. पाच मिनिटांत मी चार ओळी वाचल्या असत्या आणि एका माणसाला थडग्यात ठेवून, दाराला धोंडा लावून घरी गेले असते. बाबांचे शब्द आठवले. मला त्या खाटेवरच्या माणसाला तिथे सोडून जायचं नव्हतं.

मी सगळी पानं एकदम मागे उलटली आणि पहिलं पान वाचायला लागले.

आर्खे. कुठे अडखळले नाही. नदी आली, उंटाच्या केसांचा तो माणूस आला, पान उलटलं, तलाव आला, मासेमारांनी जाळी टाकली. मी थांबले तेव्हा मास्तरांची मान माझ्याकडे वळलेली होती.

"हे तं पहिलं पान होय."

"हव, मास्तर." मला चोरी पकडल्यासारखं झालं. "मले एवढंच सरळ येते. तिथं सोडून जाववलं नाही. शेवट मी उद्या वाचते."

मास्तर एकेक शब्द घेत बोलू लागले. "शेवट काय हाय, सांगतो. बाया थडग्यापाशी जातात. थडगं रिकामं. पांढऱ्या कपड्यातला एक जवान बसून राह्यते. म्हणते, तो इथं नाई. गालीलात जा, तिथं दिसन तो तुमाले. गालील म्हणजे माहीत हाय ना? तोच तलाव. पहिल्या पानाचा." श्वास पुरेना म्हणून थांबले. "पण बाया भेतात. पळून जातात. कोणाले काही सांगत नाई. अन जुन्या प्रतींत पुस्तक तिथंच सरते. भेवापाशी. बावीस वर्सं मी तिथं पोचलो, अन पुस्तक मिटवून पेटीत ठेवलं. मंग वर्सभर तसाच राहिलो, त्या बायांवानी. मागं जा म्हणून लिहिलं होतं, सुमन. मी कधी पान मागं पलटवलं नाई."

आत्यांनी तोंडाला पदर लावला. परिचारिका पुन्हा आली. मास्तरांनी हात पुढे केला, मी हातात हात दिला, तर त्यांनी माझं बोट धरून चादरीवर फिरवलं. मासा. अल्फा.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मातीला बाबा माझ्याबरोबर आले. त्यांच्यात काय करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्यात मागे उभे राहिले, आणि इतरांचं बघून मूठभर माती टाकली. परतताना पुलावर थांबले. "पोथी सरली का?"

"नाही बाबा. दीड पान राह्यलं." आणि मग सगळंच सांगितलं. खोटं बोलले तेही, मागे उलटलेली पानंही.

बाबा नदीकडे बघत राहिले. रागावतील असं वाटलं होतं. "माणूस गेला म्हणून पोथी अर्धी ठेवत नाई," ते म्हणाले. "जा, सरवून ये. मी सांगतो घरी."

मी तशीच मागे फिरले. मार्था आत्या ओसरीवर बसल्या होत्या, समोर सूप, सुपात आमचा कोंडा, अजून कुणी सांडला नव्हता. मी पुस्तक मागितलं. त्यांनी ते आणून दिलं आणि जवळ बसल्या. एकही अक्षर न समजता त्या ते दीड पान ऐकत राहिल्या, आणि मीही फारसं न समजता वाचत राहिले. मृतदेह खाली उतरवला. धोंडा लावला. बाया आल्या, धोंडा सरकलेला होता, पांढऱ्या कपड्यातला तो जवान बोलला. ऊन ओसरीवरून अंगणात गेलं, अंगणातून कुंपणावर. शेवटच्या ओळीपाशी मी पोहोचले तेव्हा माझा आवाज पार बसला होता. बाया पळाल्या, कारण त्यांना भीती वाटत होती. पुढे कंसात घातलेल्या काही ओळी होत्या, नंतर कुणीतरी जोडलेल्या. त्या मी वाचल्या नाहीत.

"सरली का?" आत्यांनी विचारलं. गाठ मारायला फडकं त्यांच्या हातात तयार होतं.

"नाही, आत्या," मी म्हटलं, आणि पानं मागे उलटत पहिल्या पानावर आले.

आत्यांनी फडकं खाली ठेवलं. "मंग वाच."